घोडेवाला, भुताचा, राक्षसवाला

आबाच्या व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात इंग्रजी पिच्चरला नाव नसायचं. कॅसेटच्या पाठीवरच्या पांढऱ्या पट्टीवर निळ्या बॉलपेननं लिहिलेलं असायचं, 'फायटिंग', 'भुताचा', 'घोडेवाला', 'राक्षसवाला'. एकाच प्रकारातले दोन आले की दुसरा 'भुताचा २'. हिंदी पिच्चरला नाव असायचं, हिरो-हिरोईन असायचे, गाणी तर कॅसेट यायच्या आधीच पाठ. इंग्रजीला फक्त जात. आणि 'इंग्रजी' म्हणजे तरी काय, तर जे हिंदी नाही ते सगळं. त्यात इटालियन होतं, हाँगकाँगचं होतं, जपानी होतं, एकदा बहुतेक स्पॅनिशही येऊन गेलं. अमळनेरच्या आमच्या गल्लीत ते सगळं इंग्रजीच.

गिऱ्हाईक यायचं आणि आमच्या अहिराणीत एवढंच विचारायचं, "आबा, हाऊ कसाना शे?" म्हणजे हा कसला आहे. आबा मान वर न करता सांगायचा, "घोडास्ना शे, लई जा."

पुढे पुण्याला शिकायला गेलो तेव्हा 'जॉनर' हा शब्द कानावर पडला. तो उच्चारताना लोक ओठांचा असा काही चंबू करायचे की मला वाटलं हे काहीतरी फार अवघड प्रकरण असणार. 'जॉनर' म्हणजे सिनेमाचा प्रकार, हे समजल्यावर हसू आलं. आबाचं अख्खं दुकान त्याच एका शब्दावर उभं होतं. दिग्दर्शक कोण, देश कोणता, साल कोणतं, यातलं काहीच त्याला माहीत नव्हतं. तरी भुताचा मागणाऱ्याला त्यानं कधी घोडेवाला दिला नाही.

गेली बरीच वर्षं मी परदेशी सिनेमांच्या डिस्कवर लिहितो. म्हणजे घोडेवाले, भुताचे आणि राक्षसवालेच. सिनेमावर कमी आणि डिस्कवर जास्त. चित्र कसं उतरलंय, आवाज कुठला आहे, उपशीर्षकं कोणाच्या बोलण्याची आहेत, काय कापलंय, काय जोडलंय. घरातले याला 'तबकड्या तपासणं' म्हणतात आणि ते तसं बरोबरच आहे.

आमच्याकडे कॅसेट यायच्या सुरतहून. तापी लाइनवर सुरत, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव अशी गाडी. निम्म्या गल्लीचं कोणी ना कोणी सुरतेतल्या उधन्याला नाहीतर लिंबायतला लूमवर कामाला. माझा मामाही त्यातलाच. तो यायचा तेव्हा त्याच्या पिशवीत घारीची मिठाई असायची, कापडाचे तुकडे असायचे आणि खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन-चार कॅसेट. त्या आखातातून मुंबई, मुंबईतून सुरत अशा फिरत आलेल्या. प्रतीची प्रत, तिची प्रत. दरवेळी उतरवताना चित्र थोडं थोडं मरायचं. व्हीएचएस कॅसेटवर रंगाची नोंद उजेडाच्या नोंदीपेक्षा कितीतरी ढोबळ असते, त्यामुळे लाल रंग तर कच्च्या रंगाचं लुगडं धुवावं तसा शेजारच्या माणसावर उतरायचा. भुताच्या पिच्चरमधली इटालियन हवेली मला कित्येक वर्षं लालभडक आणि कडा नसलेली आठवत होती. भिंत कुठे संपते आणि बाई कुठे सुरू होते ते कळायचं नाही. भीती बहुतेक त्याचीच वाटायची.

व्हीसीआर, म्हणजे कॅसेट चालवायचं मशीन, विकत घेणं कोणाच्या ऐपतीत नव्हतं. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असायच्या, झोके बांधलेले असायचे, त्या रात्री गल्लीत पाच-पाच रुपये वर्गणी काढून मशीन, रंगीत टीव्ही आणि चार कॅसेट आणायच्या. टीव्ही ओट्यावर, माणसं रस्त्यावर गोधड्या टाकून. आधी देवाचा, मग अमिताभचा, मग एखादा रडका. इंग्रजीचा नंबर लागायचा तेव्हा पहाट झालेली असायची. बायका-पोरी झोपलेल्या, म्हातारे खोकून खोकून घरात गेलेले, आणि आम्ही आठ-दहा पोरं डोळे ताणून. मशीनबरोबर आबाचा एक पोऱ्या यायचा. त्याच्याशिवाय कोणी मशीनला हात लावायचा नाही. चित्रावर मुंग्या आल्या की तो ट्रॅकिंगचं बटण फिरवायचा. तरी नाही गेल्या तर झाकण उघडून बनियनच्या तुकड्याला स्पिरिट लावून हेड पुसायचा, आणि आम्ही त्याच्याकडे सर्जनकडे बघावं तसे बघायचो. पॉज मात्र तो करू द्यायचा नाही. पॉज केला की चित्र जागच्या जागी थरथरायचं, मधोमध एक पांढरी पट्टी यायची, आणि तो ओरडायचा, "टेप घसाई जाई रे भो!"

थांबलेलं चित्र स्थिर असतं हे मला फार उशिरा कळलं.

आता माझ्या बदनामीची गोष्ट सांगतो, कारण मी हे डिस्क तपासण्याच्या नादाला लागलो ते तिच्यामुळे. कॉलेजात भित्तिपत्रक निघायचं. त्यात मी एका घोडेवाल्यावर लेख लिहिला. पिच्चरचं नाव लेखात नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. शेवटी नायक दार ढकलतो, आत अंधार, आणि संपलं. आत कोण आहे, तो मरतो की मारतो, काही नाही. मी लिहिलं की शेवट असा मोकळा सोडायला धाडस लागतं, आपल्या हिंदी सिनेमाला हे जमणार नाही, वगैरे. दोन प्राध्यापकांनी पाठ थोपटली. एकानं तर तासाला उदाहरण म्हणून सांगितलं.

वीसेक वर्षांनी त्या सिनेमाची डिस्क हातात आली. नायक दार ढकलतो. आत अंधार. मग दिवा लागतो. मग चांगली अकरा मिनिटं हाणामारी, एक लांबलचक खुलासा, एक लग्नाची बोलणी आणि घोड्यावरून दोघांचं निघून जाणं.

झालं असं होतं की आबानं एकशे ऐंशी मिनिटांच्या कॅसेटवर दोन पिच्चर बसवले होते. पहिला पूर्ण, दुसरा मावेल तेवढा. टेप जिथे संपली तिथे माझा मोकळा शेवट. परीक्षणात मी हे सगळं कबूल केलं. फक्त एक गोष्ट मी तेव्हा लिहिली नाही ती आता लिहितो. आबाचा शेवट जास्त चांगला होता.

तेव्हापासून सवय लागली. डिस्क लावली की आधी लांबी बघायची. आणि लांबी म्हणावी तेवढी साधी बाब नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. आपल्याकडचा आणि युरोपातला जुना टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला २५ चित्रांचा. मग सिनेमा टेपवर उतरवताना सरळ २५ नं पळवायचे. शंभर मिनिटांचा सिनेमा शहाण्णव मिनिटांत संपतो, आणि आवाज अर्ध्या सुराहून थोडा कमी, पण वर चढतो. ब्लू-रे डिस्कवर तोच सिनेमा मूळ वेगात येतो. पहिल्यांदा असा एक ओळखीचा घोडेवाला ब्लू-रेवर लावला तेव्हा नायकाला सर्दी झालीय असं वाटलं. अर्धा तास मी स्पीकरच्या वायरी तपासत बसलो होतो. आमचं अख्खं बालपण चार टक्के जोरात पळालेलं होतं आणि कोणाला पत्ता नव्हता.

यापेक्षा मोठी चोरी पडद्याच्या रुंदीची. हे इटालियन घोडेवाले, म्हणजे वेस्टर्न, बहुतेक टेक्निस्कोप नावाच्या पद्धतीत काढलेले. एका चित्राला फिल्मच्या काठावरच्या नेहमीच्या चार छिद्रांऐवजी दोनच छिद्रांएवढी फिल्म वापरायची, म्हणजे फिल्मचा खर्च निम्मा, आणि चित्र उंचीच्या सव्वादोन पटीहूनही जास्त रुंद. काटकसरीतून आलेला थाट. आमच्या टीव्हीचा पडदा मात्र जवळजवळ चौकोनी. मग टेपवाले चित्राचा मधला, नाहीतर त्यांना महत्त्वाचा वाटेल तो तुकडा घ्यायचे आणि बाजूचं फेकून द्यायचे. हिशेब केला तर शंभरातले त्रेचाळीस भाग गायब. दोन माणसं पडद्याच्या दोन टोकांना एकमेकांवर बंदूक रोखून उभी असली की आमच्या गल्लीत दिसायचं काय, तर मधलं रिकामं मैदान, डावीकडे एक नाक आणि उजवीकडे टोपीचा काठ. आम्हाला ते फार खोल वाटायचं. पूर्ण रुंदीचं चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला त्या दोघांपेक्षा त्यांच्या मागची माणसं जास्त आवडली. खुर्ची टाकून बसलेला म्हातारा, खिडकी लावून घेणारी बाई. ही माणसं आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

त्या सिनेमांतला भूभाग बहुतांश स्पेनमधला, अल्मेरियाच्या बाजूचा. पांढरी धूळ, वाळलेले ओढे, दुपारी सावली पायाखाली गोळा झालेली. वैशाखात आमच्या बोरी नदीच्या पात्रात उभं राहिलं की काही वेगळं दिसत नाही. आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की कुत्रीसुद्धा त्या पिच्चरमधल्यासारखी चालतात. अमेरिका समजून स्पेन बघितला आणि तो खान्देशासारखा निघाला, म्हणून तर घोडेवाला आमच्याकडे भुताच्यापेक्षा जास्त चालायचा असा माझा अंदाज आहे.

याच धुळीवरून मी एकदा तोंडघशी पडता पडता वाचलो. दिग्दर्शक सर्जिओ लिओनेचा 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' हा १९६६ चा सिनेमा. त्याच्या २०१४ च्या ब्लू-रेवर सगळं चित्र पिवळसर आलं. आभाळ पिवळं, शर्ट पिवळे, दाढ्या पिवळ्या. जगभरचे शौकीन खवळले, आणि त्यांचं बरोबर होतं. मला मात्र बघताना काही खटकलंच नाही. माझ्या डोळ्यांना मे महिन्यातली दुपार अशीच दिसते. परीक्षण लिहून तयार होतं, 'रंग अगदी नैसर्गिक' हे शब्दही होते. पाठवायच्या आधी सहज जुनी डीव्हीडी शेजारी लावली आणि कपाळावर हात मारला. २०१७ मध्ये दुसऱ्या एका कंपनीनं तो पिवळेपणा काढून नवी डिस्क आणली. ती बघताना मला थोडं थंडीत बसल्यासारखं वाटलं, पण तक्रार करायला जागा नव्हती.

त्याच सिनेमाची आणखी एक गंमत आहे. इंग्रजी आवृत्तीतून पूर्वी कापलेले काही प्रसंग २००३ मध्ये परत जोडले. त्या प्रसंगांना इंग्रजी आवाजच नव्हता, फक्त इटालियन होता. मग क्लिंट ईस्टवूड आणि एली वॉलाक या त्यातल्या नटांना बोलावून नव्यानं बोलवून घेतलं. ईस्टवूड सत्तरी ओलांडलेले, वॉलाक नव्वदीकडे झुकलेले. तिसरे नट ली व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच गेले होते, त्यांच्यासाठी दुसरा माणूस. म्हणजे पडद्यावर छत्तीस वर्षांचा तरणाबांड गडी तोंड उघडतो आणि आवाज येतो आजोबांचा. डिस्कच्या पाठीवर लिहिलंय 'पुनर्संचयित'. आता यातलं मूळ कोणतं म्हणायचं? लांब ते मूळ की आखूड ते?

मूळ हा शब्द मी आताशा जपून वापरतो. इटालियन सिनेमात तर त्या काळी आवाज जागेवर मुद्रित करायची रीतच नव्हती. नट आपापल्या भाषेत बोलायचे, एक इंग्रजीत, एक इटालियनमध्ये, एक जर्मनमध्ये, आणि नंतर स्टुडिओत प्रत्येक भाषेचा आवाज चढवायचा. ओठ आणि शब्द कुठल्याच आवृत्तीत पूर्ण जुळत नाहीत. 'इटालियन लावून बघा, तेच अस्सल' असं ठोकून सांगणारे परीक्षक मला म्हणून पटत नाहीत. मी तपासतो ते वेगळं. इटालियन आवाज लावल्यावर खाली येणारी इंग्रजी उपशीर्षकं खरोखर इटालियनचा अर्थ देतायत, की इंग्रजी डबिंगचे संवादच उचलून चिकटवलेत? हाँगकाँगच्या फायटिंगमध्ये तर हे सर्रास. माणूस पडद्यावर चार शब्द बोलतो आणि खाली दोन ओळी येतात. आळशी कंपन्यांची ही जुनी खोड. डबीच्या वेष्टणाच्या छपाईवर तीन परिच्छेद लिहिणारे याविषयी अवाक्षर काढत नाहीत.

दाण्याविषयी मात्र भांडायला मी नेहमी तयार असतो. फिल्मला दाणा असतो. चित्र बारीक बारीक कणांचंच बनलेलं असतं, आणि चांगल्या डिस्कवर ते दिसायला पाहिजे. काही कंपन्या संगणकानं तो दाणा पुसून टाकतात, चित्र 'स्वच्छ' दिसावं म्हणून. त्याबरोबर चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जातात, कोटाची वीण जाते, माणसं मेणाची होतात. कळण्याची भाकरी खाल्लेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ज्वारी-उडदाचं ते पीठ मैद्यासारखं चाळून घ्या आणि मग बघा काय उरतं ते.

डिस्क मिळवण्याचा ताप वेगळाच. डिस्कवाल्यांनी जग विभागांत वाटलंय, एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालत नाही. डीव्हीडीच्या जगात भारत विभाग ५ मध्ये, ब्लू-रेच्या जगात विभाग सी मध्ये. मला हव्या त्या सिनेमांच्या डिस्क निघतात अमेरिकेत, म्हणजे विभाग ए, नाहीतर ब्रिटनमध्ये, म्हणजे विभाग बी. मी घेतलेली पहिली ब्लू-रे दीड महिना वाट बघायला लावून आली, वर सीमाशुल्क भरलं, आणि प्लेअरमध्ये टाकल्यावर पडद्यावर एका ओळीची सूचना आली की ही डिस्क इथे चालणार नाही. पोस्टमनदादा अजून दारातच होते. "साहेब, खराब निघाली का?" खराब नव्हती. आबाची तिसऱ्या पिढीची मुंग्या आलेली कॅसेट कोणत्याही मशीनवर चालायची, आणि ही चकचकीत, पैसे मोजून घेतलेली, कायदेशीर वस्तू माझ्या घरात गप्प. सगळे विभाग चालवणारा प्लेअर मिळेपर्यंत आठ महिने ती डिस्क कपाटात होती. नंतरच्या, आणखी बारीक चित्राच्या फोर-के डिस्कना विभागांचं हे कुलूप नाही, एवढं शहाणपण सुचलं म्हणायचं.

कुलूप तोडण्यात आमचा मुलूख तसा पुढेच. मालेगावला खान्देशात धरायचं की नाही यावर लोक अजून भांडतात, पण तिथल्या नासिर शेख यांची गोष्ट मला आपलीच वाटते. व्हिडिओ पार्लर चालवणारा माणूस. दुसऱ्यांचे पिच्चर दाखवता दाखवता स्वतःचे काढायला लागला, यंत्रमागावरच्या पोरांना घेऊन. ट्रॉलीच्या जागी सायकल, क्रेनच्या जागी बैलगाडी. पार्लरवाल्यानं टेप कापावी, जोडावी, शेवट उडवावा, हे आम्ही गुन्हा म्हणून बघितलं. त्या मंडळींनी ते शिक्षण म्हणून बघितलं असणार.

राक्षसवाल्याकडे मी मुद्दाम शेवटी येतोय.

एका अखाजीला चौथी कॅसेट राहून गेली होती. मशीन सकाळी दहापर्यंत परत करायचं होतं. गल्ली उठून गेली, पोऱ्या ओट्यावरच झोपला, टीव्ही आम्ही घरात घेतला. माय पहाटेपासून बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या गडबडीत. ज्वारीचं पीठ चुलीवर रटरटत होतं, आम्हाला वाटीत गरम गरम पीठ आणि वर कच्चं तेल मिळालेलं. आजी उंबऱ्याला टेकून बसली होती. माय पातेलं घेऊन गच्चीवर जायची, ओल्या धोतरावर बिबडे घालायची, खाली येताना दोन मिनिटं टीव्हीसमोर उभी राहायची आणि आजीला सांगायची काय चाललंय ते. मायला इंग्रजी येत नव्हतं. जपानी तर नव्हतंच. तरी तिचं अहिराणी चालू, "तो म्हनस, पळा बठ्ठा. ती पोर त्यानी अंडेर शे." बऱ्याच वर्षांनी मी ताडून बघितलं. अंडेर म्हणजे लेक, आणि ते तिनं बरोबर ओळखलं होतं.

पिच्चर काळा-पांढरा होता. समुद्रातून एक प्रचंड जनावर येतं आणि शहर तुडवतं. मधूनमधून एक गोरा पत्रकार येऊन इंग्रजीत काहीतरी समजावून सांगतो. मला त्याचं एक विचित्र वाटलं होतं. तो जपान्यांशी बोलायचा तेव्हा त्यांची पाठच दिसायची. सगळं शहर त्याच्याकडे पाठ करून उभं. आणि जनावर आलं की तो बाजूला उभा राहून नुसता बघायचा.

माय तेव्हा पातेलं कमरेवर घेऊन थांबली होती. तिनं विचारलं, "पन याले पहिले कोनी छेडं व्हतं का?"

कोणाला माहीत नव्हतं. आजी म्हणाली, राक्षसच तो, त्याला कोणी छेडायला लागतं का. माय गच्चीवर गेली.

तो १९५४ चा जपानी 'गोजिरा' होता, जग ज्याला गॉडझिला म्हणतं. दिग्दर्शक इशिरो होंडा. पण आम्ही बघितला तो खरं तर १९५६ चा अमेरिकी अवतार. मूळ सिनेमा शहाण्णव मिनिटांचा. अमेरिकेत त्यातला बराच भाग कापला, रेमंड बर नावाच्या नटाला पत्रकार करून नवे प्रसंग घुसवले आणि ऐंशी मिनिटांचा नवा सिनेमा केला. मूळ जपानी नट पुन्हा मिळणार नव्हते, म्हणून त्यांच्यासारखे कपडे घातलेली माणसं पाठमोरी उभी केली. ती पाठ अशी आली होती. कापलेल्या भागात काय होतं, तर जवळजवळ मायच्या प्रश्नाचं उत्तर. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला हा सिनेमा जपानात लागला, आणि तो सुरूच होतो समुद्रात अचानक पेटणाऱ्या जहाजानं. जनावराला खोल समुद्रातून उठवलं होतं बॉम्बनं. मूळ सिनेमात एक बाई आगगाडीत बसून म्हणते की नागासाकीतून कसाबसा जीव वाचवला, आणि आता हे. ती बाई अमेरिकी आवृत्तीत नाही.

हे मला कळलं ते डिस्कमुळे. क्रायटेरियन कंपनीनं २०१२ मध्ये काढलेल्या ब्लू-रेवर दोन्ही सिनेमे आहेत, एकाशेजारी एक. कोणी कोणाला कापलं ते स्वतः बघून घ्या. तिचं परीक्षण लिहायला मी टाळाटाळ करत होतो. दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा रेमंड बरवर विनोद करण्यातच पानं गेली. शेवटी गेल्या वैशाखात अमळनेरला जाताना डिस्क आणि प्लेअर दोन्ही पिशवीत टाकले.

माय आता अठ्ठ्याहत्तरची आहे. बिबडे बचत गटाकडून विकत येतात, तरी दोन किलोचे ती घरी घालतेच. सकाळी नऊला तिचं गच्चीवरचं काम आटोपलं, मी पडदे ओढले आणि जपानी आवृत्ती लावली. उपशीर्षकं इंग्रजीत, तेव्हा या खेपेला सांगणारा मी. तिनं आधी विचारलं, "कसाना शे?" मी म्हणालो, राक्षसवाला. तिला पहिलं बघितलेलं आठवत नव्हतं. बिबडे, आजी, आबाचा पोऱ्या आठवत होता, पिच्चर नाही.

माझी अहिराणी आता गंजलीय. शास्त्रज्ञाच्या भाषणाचं मी तीन वाक्यांत काहीतरी केलं. बॉम्बचं सांगितलं तेव्हा ती नुसतं "हां" म्हणाली, जणू हे तिनं गृहीतच धरलं होतं. आगगाडीतल्या बाईचं सांगितलं. मग जनावर शहरात शिरलं, आग लागली, आणि एका इमारतीच्या पायथ्याशी एक बाई पोरांना पोटाशी धरून बसलेली दिसली. पळत नाही, नुसती बसलीय. पोरांना काहीतरी सांगतेय. खाली ओळ आली ती मी मायला सांगितली, "ती म्हनस, आते आपन तुमना बापजोडे जासूत." आता आपण तुमच्या बापाकडे जाऊ.

"थांबाड," माय म्हणाली.

मी पॉज केला. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला, आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन त्या बाईकडे बघितलं. बाईच्या चेहऱ्यावर आगीचा उजेड होता आणि तो हलत नव्हता. फिल्मचा दाणा स्पष्ट दिसत होता. परीक्षणासाठी मी ते वहीत टिपूनही घेतलं, सवयीनं.

"त्याना बाप कव्हय मरना?"

सिनेमात सांगत नाहीत, मी म्हणालो. लढाईत असेल. नऊच वर्षं झाली होती लढाई संपून.

ती उठली. गच्चीवरचे बिबडे एका बाजूनं सुकले असतील, उलटायला हवेत म्हणाली आणि जिन्याकडे गेली. गुडघ्यांमुळे तिला आता एकेक पायरी दोन्ही पायांनी चढावी लागते. मी बसून राहिलो. बरीच मिनिटं चित्र तसंच होतं, आणि टेप घासायची भीती नव्हती.

खाली आली तेव्हा हाताला पीठ होतं. पलंगावर पाय वर घेऊन बसली.

"लाव पुढे. आते तो मरी का नई?"

मरेल, मी म्हणालो, आणि बटण दाबलं.